टाकी गळली नाही

"ऐका," असं म्हणत रेवतीने कानांवरचा हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

मी तो कानाला लावला. टाकीच्या अंगावर ठिकठिकाणी छोटे मायक्रोफोन चिकटवलेले होते. टाकीच्या भिंतीत केसाएवढी चीर गेली तरी तिचा आवाज त्यांच्यातून यायचा. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

"काहीच येत नाहीये," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी."

सुप्याच्या पुढे, माळावरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत आमचं चाचणीचं ठिकाण होतं. एका जुन्या लोखंडी कंटेनरला खिडकी पाडून त्याची खोली केली होती आणि तिच्यासमोर वाळूच्या पोत्यांची भिंत उभी केली होती. तिथून टाकी दिसायची. खाणीच्या तळाशी, लोखंडी सांगाड्यात उभी, दोन पुरुष उंचीची आणि काळीभोर. तिच्या माथ्यावरच्या नळीतून पांढरी वाफ निघून वाऱ्याबरोबर खाणीच्या कडेकडे जात होती. आत द्रवरूप नायट्रोजन भरलेला होता. पाण्याचा बर्फ ज्याच्यापुढे ऊबदार वाटावा इतका थंड.

अग्निबाणातलं इंधन अशाच थंडीत साठवावं लागतं आणि त्याच्या टाक्या धातूच्या असतात. आम्ही करत होतो ती टाकी कार्बनच्या धाग्यांची होती. धागे राळेत भिजवून साच्यावर गुंडाळायचे आणि भट्टीत भाजायचे. धातूपेक्षा कितीतरी हलकी, आणि आतून धातूचं अस्तरसुद्धा नाही. अडचण एकच होती. इतक्या थंडीत राळ आकसते आणि तडकते. आधीच्या प्रत्येक टाकीच्या वेळी हेडफोनमध्ये लाह्या फुटल्यासारखा आवाज सुरू व्हायचा, मग टाकीच्या बुडाशी पांढरी वाफ दिसायची. रेवती हेडफोन काढून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "गेली." त्यापुढे त्या दिवशी ती कुणाशी बोलायची नाही.

डॉक्टर रेवती हुपरीकर. टाकी तिची होती. धागे कोणत्या कोनात गुंडाळायचे, राळेत काय मिसळायचं, भट्टी किती तापवायची, सगळं तिचं. मूळची कोल्हापूरची. छत्तिशीच्या आसपासची, किडकिडीत, बोलायला लागली की समोरच्याला मध्ये तोंड घालू न देणारी. तिचा धाकटा भाऊ निनाद आमच्याकडेच होता, मायक्रोफोन आणि मापं घेणारी यंत्रं तो बघायचा. वडील तो शाळेत असतानाच गेले. पुढचं त्याचं शिक्षण रेवतीनेच केलं. चार माणसांत ती त्याच्याशी कडक वागायची, "हुपरीकर, रीडिंग सांगा" असं आडनावाने बोलायची, आणि जेवायला बसलं की त्याच्या डब्यातली नको असलेली भाजी काही न बोलता आपल्या डब्यात घ्यायची.

मी सदाशिव ढोबळे. चाचणीच्या जागेची आणि माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे. चौथा रफिक मुजावर. क्रेन, पंप, कॉम्प्रेसर, सगळी अवजड कामं त्याची.

कंपनीने सांगून ठेवलं होतं की ही शेवटची टाकी. ही गळली तर धातूच्या टाक्या विकत आणायच्या आणि हा विभाग बंद. रेवतीने ते ऐकून घेतलं होतं. 

"हुपरीकर, दाब?" तिने विचारलं.

"स्थिर आहे," निनाद म्हणाला. "ताई, हलतच नाहीये."

कामाच्या ठिकाणी तो तिला ताई म्हणाला आणि ती रागावली नाही. खुर्चीवर मागे टेकून तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावर दाबून धरले.  चाचणीचा ठरलेला वेळ पूर्ण होईपर्यंत ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "आईला फोन लाव."

निनादने फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. टाकी गळली नाही हे तिने आईला समजावून सांगितलं. पलीकडून आई म्हणाली, "बरं झालं बाई. जेवलात का दोघं?"

रेवती खूप वेळ हसली. तिला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही टाकी रिकामी केली. खालचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे धूळ आणि दमट हवा आत जायला नको. टाकी रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी, बाहेरच्या हवेइतकी गरम झाली की, वरचं झाकण काढून आतून तपासायची, ही आमची नेहमीची पद्धत. आत उतरायचं तर आधी पंख्याने बाहेरची हवा भरायची, मग ऑक्सिजनचा मीटर दोरीने तळापर्यंत सोडायचा, आकडा ठीक आला तरच माणूस उतरवायचा. हा नियम मी घातला होता आणि तो कधी मोडला गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. माळावर कुणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या. रेवती आमच्या आधी येऊन टाकीभोवती फिरत होती, हाताने तिचं अंग चाचपत होती. मी आणि ती शिडीने वरच्या फलाटावर चढलो. खाली रफिक आणि निनाद पंख्याची जाड नळी ओढून आणत होते.

आम्ही दोघांनी मिळून झाकणाचे बोल्ट काढले आणि झाकण बाजूला सरकवलं. आतून वाफ आली नाही, वास आला नाही. नायट्रोजनला वास नसतोच. आपण घेतो त्या हवेत बहुतेक तोच असतो.

"पंखा लागू दे," मी म्हणालो.

"मी कुठे उतरतेय? नुसतं बघते."

यात नवीन काही नव्हतं. आधीच्या प्रत्येक टाकीत आम्ही असंच डोकावलो होतो. ती डोकावली होती, मी डोकावलो होतो, निनादने तर एकदा कमरेपर्यंत आत वाकून फोटो काढले होते. कुणाला कधी काही झालं नव्हतं. उतरणं वेगळं आणि डोकावणं वेगळं, असं आमच्या सगळ्यांच्या मनात पक्कं होतं.

मी खाली बसून बोल्ट डब्यात भरत होतो.

"ढोबळे," ती म्हणाली, "आतून अगदी आरशासारखी आहे हो. एक ओरखडा नाही. थांबा, खालची शिवण बघते."

मग तिच्या हातातला टॉर्च आत पडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. काठावर पोट टेकवून ती आत वाकली होती. पडलेल्या टॉर्चकडे बघत असेल असं मला वाटलं.

"राहू द्या टॉर्च," मी म्हणालो.

तिने उत्तर दिलं नाही. तिचे पाय फलाटावरून उचलले गेले, हळू, कुणी आतून सावकाश ओढून घ्यावं तसे. मी उठेपर्यंत ती आत गेली होती.

मी श्वास रोखून काठावरून पाहिलं. ती तळाशी कुशीवर पडली होती. टॉर्च चालूच होता, आणि त्याचा उजेड काळ्या भिंतीवर पडला होता.

"रफिक, सिलिंडर आण," मी ओरडलो. "हवेचा सिलिंडर, मास्क. धाव."

श्वसनाचा संच कंटेनरमध्ये होता, खाणीच्या दुसऱ्या टोकाला. रफिक नळी टाकून पळाला. निनाद वर बघत होता.

"ताई कुठाय?" त्याने विचारलं.

 तो शिडीवरून धडाधड वर आला. मला जे करायचं होतं ते मला तो अर्ध्या शिडीवर असतानाच कळलेलं होतं.

मी आधी एका खताच्या कारखान्यात नोकरीला होतो. तिथे एका रिकाम्या टाकीत एक कामगार बेशुद्ध पडला. त्याला काढायला त्याचा दोस्त उतरला आणि दोस्ताला काढायला मुकादम उतरला. दुपारी तिघांना ओळीने सिमेंटवर झोपवलेलं मी पाहिलं होतं. मुकादमाच्या हातात दोस्ताच्या सदऱ्याची कॉलर होती, ती सोडवावी लागली. अशा, ऑक्सिजन नसलेल्या हवेत एकदोन श्वासांत माणूस खाली बसतो. गुदमरल्यासारखं वाटत नाही, खोकला येत नाही, सावध व्हायला काही मिळत नाही.

निनाद फलाटावर आला, त्याने आत पाहिलं आणि काठावर पाय टाकला. मी त्याला मागून कमरेत धरून खाली पाडलं आणि त्याच्या अंगावर पडलो. मी अंगाने जाड आहे. तो सत्तावीस वर्षांचा, ताकदीचा, पण त्याला माझ्याखालून निघता येईना.

"सोडा," तो म्हणाला. "सर, सोडा. उचलून देतो तिला वर. श्वास घेत नाही मी. श्वास न घेता जातो."

"तिला उचलताना घेशील."

"नाही घेणार."

"निनाद, रफिक येतोय. मास्क आणतोय."

"तोपर्यंत काय? तोपर्यंत काय करायचं, सांगा ना." त्याने मान वळवून माझ्या मनगटाचा चावा घेतला. मी हात काढला नाही. मग तो ओरडायचा थांबला आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागला. "काका, ऐका माझं. तिला एकटीला ठेवू नका आत. मला नुसतं तिच्याजवळ जाऊ द्या. काका."

मला तो नेहमी सर म्हणायचा.

रफिक आला. त्याने मास्क लावला, पाठीवर सिलिंडर घेतला, कमरेला दोर बांधला. पण मास्कचा पट्टा काही केल्या लागेना. मी एका हाताने त्याला मदत करू शकलो असतो, पण तेवढा हात काढला असता तर निनाद सुटला असता. मी पडल्या पडल्या त्याला सांगत राहिलो, पट्टा मागून घे, आता ओढ, आता व्हॉल्व्ह उघड. तो आत उतरला. तिला दोर बांधायला त्याला फार वेळ लागला. मग दोर हलला. दोर ओढायला माणूस हवा होता, आणि वर आम्ही दोघंच होतो.

"आता उठ," मी निनादला म्हणालो. "ओढ. पण आत वाकायचं नाही. शप्पथ घे."

त्याने शप्पथ घेतली नाही, पण तो उठला, दोराला हात घातला आणि आम्ही दोघांनी तिला वर काढलं.

फलाटावर मी तिची छाती दाबत राहिलो. रुग्णवाहिका येईपर्यंत, आणि रुग्णवाहिकेतही. सुप्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी बराच प्रयत्न केला आणि मग घड्याळाकडे पाहिलं. निनाद भिंतीला टेकून उभा होता. त्याने मला एकच विचारलं.

"मी लगेच उडी मारली असती तर ती वाचली असती का?"

"तू पण गेला असतास."

"ते नाही विचारलं मी."



कोल्हापूरला तिच्यावर अंत्यसंस्कार झाले. दिवस झाल्यावर मी आणि रफिक भेटायला गेलो. आई आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. निनाद दाराशी उभा होता. माझ्या मनगटावर पट्टी होती. आईंनी माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"यांनी सांगितलं मला," रफिककडे बघून त्या म्हणाल्या. "तुम्ही याला धरून ठेवलंत. माझा एक तरी मागे ठेवलात. तुमचे उपकार कसे फेडू?"

निनाद वळला आणि घराबाहेर गेला. चपला न घालता. आम्ही निघेपर्यंत तो परत आला नाही.

महिन्याभराने चौकशी झाली. सरकारी निरीक्षक, सबनीस नावाचे, शांत स्वभावाचे वयस्कर गृहस्थ होते. कंटेनरमध्ये त्याच टेबलाभोवती आम्ही बसलो. निनादलाही बोलावलं होतं. तो खिडकीकडे तोंड करून बसला. सबनीसांच्या सांगण्यावरून टाकीत पुन्हा नायट्रोजन भरून पाहिला होता. दाब हलला नव्हता.

"मला एक कळत नाही," सबनीस म्हणाले. "आधीच्या सगळ्या टाक्यांमध्ये तुम्ही लोक डोकावलात. तिथे पण पंख्याच्या आधीच. बरोबर?"

"हो," मी म्हणालो.

"आणि कुणाला चक्करसुद्धा आली नाही. मग याच वेळी का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बोलता बोलताच ते मला पहिल्यांदा कळलं.

"थंड नायट्रोजन हवेपेक्षा जड असतो," मी म्हणालो. "तो टाकीच्या तळाशी बसतो. आधीच्या टाक्यांना बुडाशी चिरा पडलेल्या असायच्या. रात्रभरात तो त्या चिरांतून खाली निघून जायचा. त्याच्या जागी माथ्यावरच्या नळीतून हवा आत यायची. आम्हाला वाटायचं की डोकावायला काही हरकत नसते."

"आणि ही?"

"हिला चीर नव्हती. ही काठोकाठ भरलेली होती."

सबनीसांनी लिहायचं थांबवलं. रफिकने तोंडाला रुमाल लावला. निनाद खिडकीकडून वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला राग चालला असता.

"म्हणजे टाकी चांगली झाली म्हणून," तो म्हणाला.



तो विभाग वर्षाच्या आत बंद झाला. टाकी चांगली असूनही ती पुढे न्यायला कुणी धजेना, आणि रेवतीशिवाय ते कुणाला जमलंही नसतं. राळेचं मिश्रण तिने लिहून ठेवलेलं होतं, पण त्यानुसार केलेल्या पुढच्या दोन्ही टाक्या गळल्या. लिहिलेल्यापेक्षा जास्त काहीतरी ती हाताने करत असावी. पुरावा म्हणून ठेवलेली तिची टाकी पुढे करवतीने कापून टाकली. तिचे तुकडे करायला दोन माणसांना तीन दिवस लागले.

मी ते काम सोडलं. लोकांना सुरक्षेचं प्रशिक्षण देतो, कारखान्यांतून फिरतो. टाकी रिकामी दिसते तेव्हाच तिला भ्या, असं सांगतो. पोरं वहीत उतरवून घेतात.

नऊ वर्षांनी रफिकचा फोन आला, निनादची आई गेली म्हणून. मी कोल्हापूरला गेलो. निनादने दार उघडलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. तो तिथल्याच एका सहकारी बँकेत संगणकांचं काम बघत होता. लग्न केलेलं नव्हतं. त्याने मला आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. भिंतीवर आईवडिलांचा फोटो होता. रेवतीचा कुठे दिसला नाही.

आईच्या आजाराबद्दल तो सविस्तर बोलला. 

"आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची," तो म्हणाला. "दिवाळीला म्हणायची, ढोबळ्यांना फोन कर. मी करतो म्हणायचो."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असेल?" त्याने कप खाली ठेवला. "तुम्हाला एक सांगायचं होतं. मी खूप वाचलं त्यावर. वर्षभर तेच वाचत होतो. मी उतरलो असतो तर तिच्याजवळ पोचलोही नसतो, ती वाचली नसती. तुम्ही बरोबर होतात. सगळीकडे तेच लिहिलंय."

"निनाद..."

"थांबा. तुम्ही चुकला असतात ना, तर मला बरं पडलं असतं. तुम्हाला शिव्या देऊन जगता आलं असतं. आता कुणाला देऊ? ताईला? टाकीला? टाकी तर तिनेच केली होती." तो अगदी सरळ आवाजात बोलत होता, बँकेत कुणाला खात्याची माहिती द्यावी तसा. "आईसाठी मी जिवंत राहायला पाहिजे होतं, ते राहिलो. ते काम झालं आता."

"असं बोलू नकोस."

"भलतंसलतं काही करणार नाही मी. घाबरू नका. मी फक्त सांगतोय. परत तसंच झालं, तर काय कराल?"

खोटं बोलावं असं मला वाटलं. एका शब्दाचं काम होतं. पण तो माझ्याकडे एकटक बघत होता आणि त्या फलाटावर, माझ्या वजनाखाली, त्याने मला जेवढं ओळखलं होतं तेवढं माझ्या बायकोनेही कधी ओळखलं नसेल.

"धरीन," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "माहीत होतं."

तो उठला, दोन्ही कप आत नेऊन विसळून आला. मी चपला घातल्या. तो दारापर्यंत आला.

"तुम्ही चांगले आहात," तो म्हणाला. "पण पुन्हा येऊ नका. तुम्ही आलात की मला तुमच्या हातांचा भार जाणवतो. अजून सुटलेलो नाही मी."

मी जिना उतरलो. त्यानंतर त्याच्याकडे गेलेलो नाही.